व्यायामानंतर काय प्यायचं? बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शन

तालमीत किंवा जिममध्ये नाव घातलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न येतो. वस्ताद थंडाई सांगतात, ट्रेनर व्हेच्या (दुधातून काढलेल्या प्रथिनाच्या पावडरीच्या) डब्याकडे बोट दाखवतो, घरी आई म्हशीच्या दुधाचा पेला पुढे करते आणि परतीच्या वाटेवर रसवंतीची घुंगरं वाजत असतात. या चौघांचं काम वेगवेगळं आहे. आपल्याला यातलं कोणतं काम करून हवंय हे ठरल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, आणि ते ठरवायला वही, पेन आणि घरचा वजनकाटा पुरतो.

वजन उचलताना किंवा जोर-बैठका मारताना स्नायूंवर ताण येतो. त्यानंतर एक-दीड दिवस शरीर त्या स्नायूंत नवं प्रथिन बसवत राहतं. नवख्या माणसात हे काम आणखी थोडं लांबतं. या बांधकामाला तीन गोष्टी लागतात: कच्चा माल म्हणून प्रथिन, खर्च झालेली शक्ती भरून काढायला भात-भाकरी-साखरेतले कर्ब, आणि घामावाटे गेलेलं पाणी व मीठ. तिन्ही गोष्टी एकाच पेल्यात असल्या पाहिजेत असं काही नाही. व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासाच्या आत प्यायलं नाही तर सगळं वाया, हा समजही सोडून द्या. दिवसभरात एकूण प्रथिन किती गेलं याला जास्त वजन आहे. व्यायामानंतर दोन तासांत नीट जेवण होणार असेल, तर ते जेवण तुमच्या पेयाचंच काम करतं.

पहिली पायरी: आधी खड्डा, म्हणजे प्रथिनाची तूट, किती ते मोजा

स्नायू वाढवायचे असतील तर दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन धरा. ६० किलोच्या मुलाला ९६ ग्रॅम, ७० किलोच्याला ११२ ग्रॅम. २ ग्रॅमपर्यंत गेलं तरी निरोगी माणसाचं बिघडत नाही, पण वरच्या भागाचा स्नायूंना फारसा उपयोगही होत नाही. पोट सुटलेलं असेल तर आजच्या वजनाऐवजी जे वजन गाठायचं आहे त्यावर हिशेब करा.

इथे नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. १०० ग्रॅम शेंगदाणे म्हणजे १०० ग्रॅम प्रथिन नव्हे, २५ ग्रॅम. २०० मिलीचा पेलाभर दूध म्हणजे साडेसहा-सात ग्रॅम. एक अंडं ६ ग्रॅम. हे आकडे डोक्यात बसले की अर्धं काम झालं.

आता आपल्याकडच्या साध्या शाकाहारी घरातला एक दिवस मांडू. दुपारी दोन, रात्री दोन अशा चार ज्वारीच्या भाकऱ्या. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर चारांचे २४ ग्रॅम. दोन वेळची वाटीभर आमटी (प्रत्येकी ३० ग्रॅम कच्ची डाळ) १४ ग्रॅम. वाटीभर मटकीची उसळ ७. भात ५. शेंगदाण्याची चटणी ४. वाटीभर दही ३. सकाळचे पोहे ४. दोन चहांतलं दूध २. बेरीज ६३ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या मुलाला रोज ३३ ग्रॅम कमी पडतात. हा झाला खड्डा. व्यायामानंतरच्या पेयातून २० ते २५ ग्रॅम आले आणि उरलेले १० ग्रॅम संध्याकाळच्या खाण्यातून आले, तर काम झालं.

जो मुलगा आठवड्यातून चार दिवस मटण-चिकन खातो आणि रोज तीन अंडी घेतो, त्याचा खड्डा बहुतेक वेळा इतका उथळ असतो की त्याला वेगळ्या पेयाची गरजच नसते. त्याने व्यायामानंतर पाणी प्यावं आणि घरी जाऊन जेवावं. उलट भाताच्या दोन मोठ्या ताटांवर आणि पातळ आमटीवर दिवस काढणाऱ्याचा खड्डा ५० ग्रॅमचाही निघतो. तिथे एका पेल्याने भागत नाही, आमटी दाट करण्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आपला दिवस आपणच लिहून काढा. मित्राचा पेला आपल्याला चालेलच असं नाही.

दुसरी पायरी: तुमचा व्यायाम कोणता?

जिममध्ये ४५ मिनिटं ते एक तास वजनं उचलून घरी जाणाऱ्याला प्रथिन हवं. कर्ब पुढच्या जेवणातून आपोआप भरतात.

सकाळी मेहनत आणि संध्याकाळी लढत अशी दोन वेळची तालीम करणाऱ्या पैलवानाचं गणित वेगळं. सकाळी रिकामी झालेली शक्ती संध्याकाळच्या आत भरायची असते, म्हणून पहिल्या सत्रानंतर लगेच प्रथिनाच्या जोडीला कर्ब घ्यावेत. दर किलो वजनामागे १ ग्रॅम कर्ब हे माप धरा. ७० किलोच्या पैलवानाला ७० ग्रॅम, म्हणजे एक केळं आणि एक मोठी भाकरी.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्यामुळे भरतीची तयारी करणारी मुलं या भागात गावोगाव आहेत. पहाटे १६०० मीटरचा सराव आणि मग जोर, बैठका, पुल-अप. ही मुलं बहुतेक उपाशीपोटी पळतात. रात्रीच्या जेवणाला आठ-नऊ तास झालेले असतात, तेव्हा सराव संपला की तासाभरात प्रथिन आणि कर्ब दोन्ही पोटात जायला हवेत. वेळेला खरं महत्त्व आहे ते इथे.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत भट्टीजवळ पाळी करून संध्याकाळी जिमला येणाऱ्यांचा मोठा प्रश्न पाण्याचा आणि मिठाचा असतो. त्यांनी आधी तो सोडवावा. व्यायामाआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत, घाम पुसून वजन करा. ८०० ग्रॅम कमी भरलं तर पुढच्या काही तासांत लिटर ते सव्वा लिटर पाणी थोडं थोडं करून प्या. घामाने बनियनवर पांढरे डाग उमटत असतील तर मीठही जातंय. लिटरभर पातळ ताकात पाव चहाचा चमचा, म्हणजे दीड ग्रॅमच्या आसपास मीठ घाला. मात्र ताकावर प्रथिनाची भिस्त ठेवू नका, कारण ३०० मिली पातळ ताकात जेमतेम दोन-तीन ग्रॅम असतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण मिठातलं सोडियम कमी, त्यामुळे नुसत्या शहाळ्याने घामाचं मीठ भरून निघत नाही.

तिसरी पायरी: समोर असलेल्या गोष्टींची पारख

दूध. स्नायूंसाठीचं सगळ्यात भरवशाचं आणि सहज मिळणारं पेय हेच. दुधातलं ८० टक्के प्रथिन केसीन, ते सावकाश पचतं. २० टक्के व्हे, ते लवकर पचतं. डब्यात मिळणारं व्हे मूळचं दुधातलंच, चीज करताना वेगळं काढलेलं. म्हशीच्या ३०० मिली दुधात साधारण ११ ग्रॅम प्रथिन आणि २० ग्रॅम स्निग्धांश. टोन्ड (स्निग्धांश कमी केलेल्या) दुधात साडेनऊ ग्रॅम प्रथिन आणि ९ ग्रॅम स्निग्धांश. अंगाने बारीक असणाऱ्याने म्हशीचं दूध खुशाल घ्यावं. पोट असणाऱ्याने पिशवीवर टोन्ड किंवा डबल टोन्ड लिहिलंय का ते पाहावं. नंदिनीची असो की दुसरी कुठली, पिशवीच्या रंगावर जाऊ नका, छापलेले स्निग्धांशाचे टक्के वाचा. गवळ्याचं धारोष्ण दूध अंगाला लागतं म्हणून तसंच पिऊ नका. न तापवलेल्या दुधातून पोटाचे आणि तापाचे आजार येतात, आणि तापवल्याने स्नायूंच्या उपयोगाचं प्रथिन कमी होत नाही.

थंडाई. आनंदवाडीच्या आखाड्याची परंपरा असलेल्या गावात थंडाईबद्दल आदर असणं साहजिक आहे, आणि पैलवानासाठी ती खरोखर चांगली. पण तिचा हिशेब बघा. २० बदाम ५ ग्रॅम प्रथिन देतात, चमचाभर खसखस २ ग्रॅम, म्हशीचं ३०० मिली दूध ११ ग्रॅम. एकूण १८. म्हणजे प्रथिनाचा मोठा वाटा दुधाचाच आहे. साखर धरून ही थंडाई ६०० किलोकॅलरीच्या घरात जाते. रोज हजार बैठका मारून वर माती उकरणाऱ्याला ती जिरते. दिवसभर दुकानात बसून संध्याकाळी पाऊण तास डंबेल उचलणाऱ्याच्या पोटावर ती महिनाभरात दिसायला लागते. त्याने बदाम ६-७ वर आणावेत आणि साखर काढून टाकावी.

उसाचा रस. पेलाभर रसात ३० ग्रॅमच्या आसपास साखर आणि प्रथिन जवळजवळ शून्य. दोन सत्रं करणाऱ्याला हंगामात हा चांगला, स्वस्त कर्ब आहे. फक्त डोळ्यांसमोर काढलेला, लिंबू-मीठ घातलेला आणि बिनबर्फाचा घ्या, कारण बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळत नाही. एका सत्रवाल्याला त्याची गरज नाही.

नाचणीची आंबील. खानापूर-चंदगड पट्ट्यात हिच्याइतकं गुणी पेय नाही, कॅल्शियम भरपूर. पण ४० ग्रॅम पिठात प्रथिन तीनच ग्रॅम. म्हणून आंबिलीला कर्बाचं पेय माना आणि शेजारी दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर फुटाणे ठेवा.

हुलगे, म्हणजे कुळीथ. या धान्याकडे जिममधल्या मुलांनी पाठ फिरवली आहे ही वाईट गोष्ट आहे. १०० ग्रॅम हुलग्यात २२ ग्रॅम प्रथिन, किंमत कमी, आणि त्याच्या पिठाचं माडगं (पातळ पेज) करायची रीत आपल्या घराघरांत आहे. खाली कृती दिली आहे.

डाळं. चिवड्यात घालतो ते, भाजलेल्या हरभऱ्याचं. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिन. आधीच भाजलेलं असल्यामुळे दळून थेट दुधात घालता येतं. बेसन मात्र कच्च्या डाळीचं असतं, ते तसंच दुधात ढवळून प्यायलं की पोट फुगतं. दोन्ही पिवळी पिठं दिसायला सारखी असल्यामुळे ही चूक फार होते, तेव्हा घरात बरण्यांवर नावं लिहून ठेवा.

अंडी. कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. ती सोडा. शिजवलेल्या अंड्यातलं प्रथिन ९० टक्क्यांच्या आसपास अंगी लागतं, कच्च्यातलं जेमतेम निम्मं. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं आणि साल्मोनेला या जंतूचा धोका असतोच. जवारी (गावठी) अंडं असलं तरी हाच नियम. उकडून खा, सोबत दूध किंवा ताक प्या.

पनीर केल्यावर उरणारं हिरवट पाणी व्हे म्हणून फुकट मिळतं, असं अनेकांना वाटतं. नाव बरोबर आहे, पण उकळत्या दुधात लिंबू पिळलं की दुधातलं बरंचसं व्हे प्रथिनही पनीरमध्येच अडकतं. पाण्यात फार थोडं उरतं. कणीक भिजवायला ते उत्तम, त्यावर दंड मात्र वाढणार नाहीत.

मुलांना दुधात घालून देतात त्या चॉकलेटी माल्टच्या पावडरी यात धरूच नका. दोन चमच्यांत प्रथिन एक-दीड ग्रॅम, बाकी बहुतेक साखर आणि माल्ट.

चौथी पायरी: पेला कसा भरायचा

रोजचा पेला असा. ३०० मिली टोन्ड दूध तापवून थंड केलेलं, डाळ्याचं पीठ ३० ग्रॅम (जेवणाचे तीन भरलेले चमचे), भाजून सोललेले शेंगदाणे १५ ग्रॅम, एक जवारी केळं, चिमूटभर मीठ. प्रथिन सुमारे २० ग्रॅम, ऊर्जा ४५० किलोकॅलरीच्या जवळपास. मिक्सरमध्ये आधी शेंगदाणे आणि पीठ कोरडं फिरवा, मग थोडंसं दूध घालून पातळ पेस्ट करा, शेवटी उरलेलं दूध आणि केळं. सगळं एकदम टाकलं तर पीठ तळाशी चिकटतं आणि शेवटच्या घोटात घशाला लागतं. केल्यावर १५ मिनिटांत प्या, कारण डाळ्याचं पीठ पाणी ओढून दाट होत जातं. डाळं रविवार पेठेत किलोने घ्या आणि एका वेळी पंधरवड्यापुरतंच दळा, जुन्या पिठाला खवट वास येतो.

पावसाळ्यात, खानापूरकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही तेव्हा, थंड पेला नकोसा वाटतो. तेव्हा माडगं करा. हुलगे मंद आचेवर खमंग भाजून बारीक दळून ठेवा. ४० ग्रॅम पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. पातेल्यात दीड वाटी पाणी उकळून त्यात हे सोडा, सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा. १५ ग्रॅम गूळ आणि चिमूटभर सुंठ घालून विरघळू द्या, मग गॅस बंद करा. भांडं कोमट झालं की वेगळं तापवलेलं ३०० मिली दूध घाला. गूळ घातल्यावर दूध उकळलं तर ते फुटतं, म्हणून हा क्रम बदलू नका. यात १८ ग्रॅम प्रथिन येतं. डाळी-कडधान्यांच्या प्रथिनात मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिन ज्यांपासून बनतं त्यातला एक घटक) कमी असतं, ती कसर दूध भरून काढतं. म्हणून माडगं दुधासकटच चांगलं.

मिक्सर नाही, वेळ नाही, खोलीवर एकट्याने राहता? साय काढलेल्या दुधाची पावडर आणा. ३० ग्रॅम पावडरमध्ये १० ग्रॅमच्या वर प्रथिन असतं. ती ३०० मिली दुधात मिसळली की २० ग्रॅम झाले. चहासाठीची डेअरी व्हाइटनर वेगळी, तिच्यात बहुधा साखर घातलेली असते. पाकिटावर ‘स्किम्ड मिल्क पावडर’ हे शब्द शोधा.

दुधाने पोट गुरगुरतं, वारा धरतो, जुलाब होतात, तर दुधातली लॅक्टोज साखर पचत नसण्याची शक्यता मोठी. आधी प्रमाण १०० मिलीवर आणून पाहा. मग दही पाहा, त्यात लॅक्टोज कमी असतं. कापडात तीन-चार तास टांगलेल्या दह्याचा १५० ग्रॅम चक्का आणि पाणी घुसळून केलेली दाट लस्सी अनेकांना सोसते, आणि तिच्यातून १२ ते १५ ग्रॅम प्रथिन मिळतं. तेही जमत नसेल तर सोयाबीन. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतो. १०० ग्रॅम दाणे आठ-दहा तास भिजवून, सालं चोळून काढून, गरम पाण्यात वाटा आणि गाळा, ८०० मिली दूध होतं. गरम पाण्यात वाटल्याने उग्र वास कमी येतो. मग ते २० मिनिटं उकळलंच पाहिजे, कारण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक प्रथिनाचं पचन अडवतात. ४०० मिलीत १२ ग्रॅम, त्यात ४० ग्रॅम डाळ्याचं पीठ घातलं की २० ग्रॅम. दुधाशिवायच्या पेल्यात प्रथिन थोडं जास्त, २५ ग्रॅमपर्यंत ठेवलं तर बरं.

चिकोडी-निपाणीकडच्या जैन घरांत सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत. त्यांनी व्यायाम पहाटे किंवा दुपारी उशिरा, सूर्यास्ताच्या तासभर आधी संपेल असा ठेवावा. संध्याकाळी उशिराचाच व्यायाम असेल तर पेला व्यायामाच्या दीड तास आधी घ्यावा. वर सांगितल्याप्रमाणे स्नायूंचं काम दीड दिवस चालतं, आधी घेतलेलं प्रथिनही उपयोगी पडतं.

पाचवी पायरी: डबा घ्यायचाच असेल तर

व्हे पावडर वाईट नाही. भूक मंद असेल, दूध पचत नसेल, दिवसभर फिरतीवर असाल, तर तिची सोय मोठी आहे. पण ती औषध नाही, आणि २० ग्रॅम प्रथिन कुठूनही आलं तरी साधारण तेवढंच काम करतं. खर्चाची तुलना अशी करा: किंमत भागिले एकूण प्रथिनाचे ग्रॅम, गुणिले २०. समजा अर्ध्या लिटरची पिशवी २५ रुपयांना आहे. तिच्यात १६ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम प्रथिन ३१ रुपयांना पडलं. डाळं १२० रुपये किलो असेल तर २० ग्रॅम प्रथिन १२ रुपयांना. एक किलो व्हे २४०० रुपयांना, ३० ग्रॅमच्या मापात २४ ग्रॅम प्रथिन असं असेल तर डब्यात सुमारे ३३ मापं, ७९२ ग्रॅम प्रथिन, म्हणजे २० ग्रॅमला ६० रुपये. आपल्या पेठेतले भाव घालून हेच गणित करा.

डबा हातात घेतल्यावर पुढची चित्रं सोडून मागचा तक्ता वाचा. १०० ग्रॅममागे प्रथिन किती? कॉन्सन्ट्रेट (साधं व्हे) असेल तर ७० ते ८०, आयसोलेट (जास्त शुद्ध केलेलं व्हे) असेल तर ८५-९० च्या पुढे. १५ ते २५ असेल तर तो मास गेनर, म्हणजे बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिन ही कर्बाची पावडर. घरच्या भाकरी-केळ्याचं काम तो महागात करतो. ‘एका सर्व्हिंगमध्ये २४ ग्रॅम’ असं ठळक लिहिलेलं असतं तेव्हा ती सर्व्हिंग एका मापाची की दोन मापांची ते बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यात पहिलं नाव व्हेचंच हवं. ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं यादीत दिसली तर सावध व्हा. प्रथिन मोजताना नत्र मोजतात, आणि ही स्वस्त आम्लं घालून नत्राचा आकडा फुगवता येतो. २०२४ मध्ये डॉक्टर-संशोधकांच्या एका गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनाची माहिती खरी नव्हती, काहींत तर सांगितल्याच्या निम्मंच प्रथिन होतं.

एफएसएसएआयचा (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच, तारीख, आणि परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, यातलं एकही नसेल तर डबा परत ठेवा. परवाना क्रमांक ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर टाकून बघता येतो. सील फुटलेला डबा घेऊ नका. मोठ्या पिंपातून प्लास्टिकच्या पिशवीत सुटी भरून दिलेली पावडर, कितीही ओळखीच्या माणसाकडची असली, तरी घेऊ नका. तिच्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शाकाहारी असाल तर हिरवं चिन्ह पाहा. स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानांनी आणखी एक गोष्ट पाळावी: नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या) चाचणीत भेसळयुक्त पावडरमुळे दोष निघाला तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात. ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’सारखं बॅच तपासल्याचं चिन्ह असलेला डबाच घ्या, नाहीतर दूध-डाळ्यावर राहा.

बीसीएएवर (तीन अमिनो आम्लांच्या तयार पावडरीवर) पैसे घालवू नका. पुरेसं प्रथिन खाणाऱ्याला ती आम्लं त्यातूनच मिळतात. ताकद वाढवण्यासाठी घेतात त्या क्रिएटिन मोनोहायड्रेट पावडरीचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. रोज ३ ते ५ ग्रॅम, कुठल्याही वेळी, भरपूर पाण्यासोबत. पण ते पहिल्या तीन महिन्यांत नको. आधी व्यायाम आणि जेवण वळणावर येऊ द्या.

सहावी पायरी: पिताना होणाऱ्या चुका

शेकरमध्ये आधी पाणी किंवा दूध, मग पावडर. उलट केलं तर कोपऱ्यात घट्ट गोळा बसतो. कढत दुधात व्हे टाकलं की ते अंड्यासारखं गोठून गुठळ्या होतात, कोमट किंवा गारच घ्या. शेकर तिथल्या तिथे विसळा, दोन तास ठेवला तर वास कायमचा बसतो. एप्रिल-मेच्या उन्हात घरून मिसळून नेलेलं दूध जिम संपेपर्यंत नासण्याच्या वाटेवर असतं, म्हणून पावडर किंवा पीठ कोरडं न्या आणि दूध-पाणी तिथे मिसळा. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात घातला की पंधरा दिवसांत पावडरीची ढेकळं होतात.

पेला पिऊन जेवण टाळणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. २० ग्रॅम वाढवले आणि दुपारची आमटी-उसळ सोडली, तर खड्डा होता तिथेच राहिला. पोट लगेच भरत असेल तर पेला दोन भागांत घ्या, अर्धा व्यायामानंतर आणि अर्धा संध्याकाळी पाचला.

मूत्रपिंडाचा विकार, मुतखडा, गाऊट (युरिक आम्लामुळे होणारा सांधेदुखीचा आजार) किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टरांना रोजच्या प्रथिनाचा आकडा दाखवूनच वाढ करा. १८ वर्षांखालच्या मुलांना डबा देऊ नका. दूध, अंडी, डाळं, हुलगे त्यांना पुरतात.

सातवी पायरी: चार आठवड्यांनी तपासा

आठवड्यातून तीनदा, सकाळी उठून शौचाला जाऊन आल्यावर उपाशीपोटी वजन करा आणि सरासरी काढा. एकाच दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, रात्रीच्या लोणच्यानेही अर्धा किलो हलतो. बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. ६० किलोच्या माणसाचं वजन आठवड्याला १५० ते ३०० ग्रॅम वाढत असेल, कंबर तशीच असेल आणि व्यायामातली वजनं थोडी थोडी वर जात असतील, तर पेल्यात काहीही बदलू नका. वजन आणि कंबर दोन्ही भराभर वाढत असतील तर आधी साखर-गूळ, मग शेंगदाणे, मग केळं काढा. दूध आणि डाळं ठेवा. वजन जागचं हलत नसेल तर तीन दिवसांचं खाणं पुन्हा लिहून काढा, बहुतेक वेळा कुठलं तरी जेवण बुडत असल्याचं सापडतं. सगळी जेवणं नीट होत असूनही वजन अडलेलं असेल, तर झोपण्याआधी २०० मिली दूध आणि दुपारच्या जेवणात एक भाकरी वाढवा, आणि दोन आठवडे थांबून पुन्हा काट्यावर उभे राहा.